शलमोन राजाची घसरण नेमकी कुठून सुरू झाली?

जास्वंद (प्रश्न)

नमस्कार. आमच्या मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी जुन्या कराराचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागाचा, अभ्यास होतो आणि गेले दोन महिने आम्ही राजांचे पहिले पुस्तक अध्यायागणिक वाचत आहोत. मागच्या बुधवारी अकरावा अध्याय आला. शलमोनाच्या ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी, म्हातारपणी त्याचे मन अन्य देवांकडे वळणे, यरुशलेमच्या पूर्वेकडील टेकडीवर कमोश आणि मोलख यांच्यासाठी त्याने बांधलेली उच्च स्थाने, म्हणजे टेकडीवरची पूजास्थळे, हे सगळे मी वाचून दाखवले आणि पुस्तक मिटणार तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका आजींनी विचारले, "बाई, ज्याला देवाने मागितल्याबरोबर एवढे शहाणपण दिले, त्याला म्हातारपणी एवढेही कळू नये का?"

मला उत्तर देता आले नाही. वयाचा परिणाम असेल, राण्यांचा आग्रह असेल, असे काहीतरी मी म्हटले, पण ते मला स्वतःलाही पटले नव्हते. तिसऱ्या अध्यायातला गिबोनचा तरुण राजा, जो स्वप्नात दर्शन दिलेल्या देवाजवळ दीर्घायुष्य मागत नाही, संपत्ती मागत नाही, शत्रूंचा जीवही मागत नाही, आणि अकराव्या अध्यायातला हा राजा, ही दोन्ही माणसे एकच आहेत हे मनाला मान्यच होत नाही. शास्त्र तर म्हणते की त्याने मागितलेले ज्ञान त्याला मिळाले आणि ते त्याच्याकडून काढून घेतल्याचा उल्लेख कुठेही नाही. मग तो घसरला केव्हा? खरोखरच म्हातारपणी, की त्याच्या कितीतरी आधी? आणि सगळा दोष परदेशी राण्यांच्या माथी मारणे मला, एक स्त्री म्हणून, जड जाते. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे, कारण पुढच्या बुधवारी आजी पुन्हा विचारणार आहेत.

पाटीपेन्सिल

ताई, आजींचा प्रश्न फार मोलाचा आहे. मी हे पुस्तक बरीच वर्षे शिकवले आहे आणि दर खेपेला माझे मत अधिक पक्के होत गेले आहे की अकरावा अध्याय हा त्या घसरणीचा शेवट आहे, सुरुवात नव्हे. लेखकाने तिच्या खुणा फार आधीपासून, आणि फार हलक्या हाताने, पेरून ठेवल्या आहेत.

तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या तीन ओव्या पुन्हा वाचा. गिबोनच्या स्वप्नाच्याही आधी तिथे दोन गोष्टी येतात. शलमोनाने मिसरच्या (इजिप्तच्या) राजाशी, फारोशी, सोयरीक करून त्याची कन्या दावीदनगरात आणली, ही एक. आणि त्याचे परमेश्वरावर प्रेम होते, तो आपल्या बापाच्या नियमांप्रमाणे चालत होता, 'मात्र' तो उच्च स्थानी यज्ञ करी व धूप जाळी, ही दुसरी. तो 'मात्र' अगदी लहान आहे. तेव्हा मंदिर बांधलेले नव्हते, त्यामुळे उच्च स्थानी यज्ञ करणे समजण्याजोगेही होते, आणि म्हणूनच वाचताना आपण तो शब्द ओलांडून पुढे जातो.

आता राण्यांविषयी. शलमोनाचा मुलगा रहबाम गादीवर बसला तेव्हा तो ४१ वर्षांचा होता आणि त्याची आई नामा ही अम्मोनी होती, असे चौदाव्या अध्यायात लिहिले आहे. शलमोनाने राज्य केले ४० वर्षे. म्हणजे ही अम्मोनी पत्नी त्याच्या घरात फारोच्या कन्येच्या आधीपासून, राज्याभिषेकाच्याही आधीपासून होती, आणि त्याचा बाप दावीद तेव्हा हयात होता. ७०० चा आकडा एका रात्रीत झालेला नाही. प्रत्येक सोयरिकीमागे एखादा तह असेल, एखादा व्यापारी मार्ग असेल, एखादी शांत झालेली सीमा असेल, आणि त्या त्या वेळी दरबारात तो निर्णय शहाणपणाचाच वाटला असेल. आजींना मी हेच सांगेन की त्याचे शहाणपण कमी झाले नव्हते. ते शेवटपर्यंत त्याच्या प्रत्येक पावलाला उत्तम कारण पुरवत राहिले.

तुमची खंत रास्त आहे, पण मूळ वचनात परमेश्वराचा कोप शलमोनावर झाला आहे, राण्यांवर नाही. परदेशी असणे हाच दोष असता तर मवाबी रूथ, जी शलमोनाच्या आजोबांची आजी, तिच्या नावाचे पुस्तक शास्त्रात नसते. रूथ बेथलेहेमात येताना तुझा देव तो माझा देव असे म्हणत आली. शलमोनाच्या घरात मात्र उलटे घडले: त्यांचे देव ते याचे देव झाले.

यापुढची गोष्ट 'अनुवाद' या मोशेच्या पाचव्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायाशी ताडून पाहावी. तिथे इस्राएलाच्या भावी राजाला तीन गोष्टी बजावल्या आहेत. त्याने फार घोडे बाळगू नयेत आणि घोड्यांसाठी लोकांना पुन्हा मिसराकडे पाठवू नये. फार बायका करू नयेत, नाहीतर त्याचे मन बहकेल. आणि सोन्यारुप्याचा मोठा साठा करू नये. त्याच जागी असेही सांगितले आहे की राजाने नियमशास्त्राची एक नक्कल स्वतःसाठी लिहून काढावी आणि ती जन्मभर वाचावी, म्हणजे त्याचे मन भाऊबंदांहून उंच होणार नाही.

आता राजांच्या दहाव्या अध्यायाचा उत्तरार्ध उघडा. दर वर्षी ६६६ किक्कार (एक मोठे वजन) सोने. घडीव सोन्याच्या २०० मोठ्या ढाली आणि ३०० लहान ढाली. सोन्याने मढवलेले हस्तिदंती सिंहासन, त्याला सहा पायऱ्या आणि पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना मिळून बारा सिंह. यरुशलेमात रुपे धोंड्यांसारखे झाले. मग घोडे, आणि ते कुठून, तर मिसरातून; रथाला ६०० रुप्याचे शेकेल आणि घोड्याला १५०, असा भावसुद्धा लेखकाने नोंदवला आहे. त्यानंतर लगेच राण्या. सोने, घोडे, बायका: अनुवादातील तिन्ही मनाया एकापाठोपाठ मोडल्या जात आहेत आणि लेखक एका शब्दाने टीका करत नाही. मूळ ग्रंथात अध्यायांची विभागणी नव्हती, ती मध्ययुगात पडली. त्यामुळे मूळ श्रोत्याला शबाच्या राणीने केलेली स्तुती, सोन्याची मोजदाद, घोड्यांचा व्यापार आणि मनाचे बहकणे हे एकाच दमात ऐकू येत असे. आपण मात्र दहावा अध्याय वैभवाचा आणि अकरावा पतनाचा अशी फाळणी करून टाकतो.

एक बारीक गोष्ट मला स्वतःला फार उशिरा दिसली. मंदिराच्या प्रतिष्ठेच्या वेळी, आठव्या अध्यायात, शलमोन लोकांसमोर प्रार्थना करतो की परमेश्वराने आमची मने आपल्याकडे वळवावीत. तिथे हिब्रूत 'नाता' या धातूचे रूप आहे, ज्याचा अर्थ कलणे, झुकणे, वळणे असा होतो. अकराव्या अध्यायात राण्यांनी त्याचे मन वळवले असे म्हटले आहे, तिथेही तोच धातू, आणि तो तीन ओव्यांत तीन वेळा आला आहे. शिवाय त्याच प्रार्थनेच्या शेवटी तो लोकांना सांगतो की तुमचे मन परमेश्वराशी 'शालेम', म्हणजे पूर्ण, अखंड असू द्या. आणि अकराव्या अध्यायात त्याच्याविषयी लिहिले आहे की त्याचे मन परमेश्वराशी 'शालेम' नव्हते. त्याच्या स्वतःच्या नावात, श्लोमो या नावात, हेच मूळ आहे. सगळ्या लोकांसाठी जे त्याने मागितले तेच त्याच्याजवळ उरले नाही, हे सांगायला लेखकाने त्याच्याच तोंडचे शब्द परत वापरले आहेत. हे वाचताना दर वेळी माझा आवाज जड होतो.

कोकणदर्या

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, घरातला आहे. आमची मातृभाषा मराठी, आणि पवित्र शास्त्रातील कथांवर मराठीत कीर्तने करण्याची आमच्या समाजाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची, त्यामुळे श्लोमो राजा आम्हांला लहानपणापासून मराठीतच भेटलेला आहे. वरील विवेचनात यहुदी परंपरेतील काही भर घालतो.

अनुवादातील राजाविषयीच्या आज्ञांची एक विशेष गोष्ट तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथातील रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, टिपली आहे. तोरामधील, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रातील, बहुतेक आज्ञांची कारणे दिलेली नाहीत, परंतु इथे दिली आहेत: बायका करू नयेत, कारण मन बहकेल, घोडे बाळगू नयेत, कारण लोक मिसराकडे वळतील. आणि नेमक्या याच दोन आज्ञांत जगातला सर्वांत शहाणा माणूस फसला. कारण कळल्यावर तो म्हणाला की मी पुष्कळ बायका करीन पण माझे मन बहकणार नाही, मी पुष्कळ घोडे बाळगीन पण लोकांना परत नेणार नाही. ज्याला कारण समजते त्याला वाटते की ते कारण टाळले म्हणजे आज्ञा टाळली तरी चालेल. कमी बुद्धीचा माणूस कदाचित मुकाट्याने आज्ञा पाळून सुटला असता. आजींच्या प्रश्नाला याहून नेमके उत्तर मला माहीत नाही.

मिद्राशमध्ये, म्हणजे शास्त्रावरच्या रब्बींच्या कथा-भाष्यांत, एक दृश्य आहे. मंदिराची प्रतिष्ठा झाली त्याच रात्री फारोच्या कन्येशी त्याचे लग्न लागले, आणि दुसऱ्या दिवशी तो उशिरापर्यंत झोपून राहिला. मंदिराच्या किल्ल्या त्याच्या उशाखाली. सकाळचा यज्ञ करायचा तर दार उघडायला हवे, आणि राजाला उठवायला कोणी धजेना. शेवटी त्याची आई बथशेबा आत गेली आणि तिने त्याला खडसावले. राजांच्या पुस्तकात लग्न मंदिराच्या आधीच झाले आहे, तेव्हा हा इतिहास म्हणून घेऊ नये. परंतु बाहेर ताटकळलेले याजक आणि उशाखालच्या किल्ल्या, एवढ्या दोन गोष्टींतून रब्बींनी तुमच्या 'केव्हा' या प्रश्नाचे स्वतःचे उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांच्या मते घसरण मंदिराच्या पहिल्याच सकाळी सुरू झाली.

हेही सांगितले पाहिजे की आमच्या परंपरेत यावर एकमत नाही. तालमूदमध्येच असेही मत आहे की श्लोमोने पाप केले असे म्हणणारा चुकतो. त्याने स्वतः मूर्तिपूजा केली नाही, पण बायकांना आवरले नाही, म्हणून शास्त्र ते कृत्य त्याच्या नावावर मांडते. मला स्वतःला हा बचाव पुरेसा वाटत नाही. परंतु त्यामागचे प्रेम मला समजते. ज्याने पहिले मंदिर बांधले त्याच्याविषयी असे काही मानणे कोणत्याही यहुदी मनाला सोपे जाणार नाही. नहेम्यासुद्धा पुष्कळ शतकांनंतर लोकांना ताकीद देताना म्हणतो की अनेक राष्ट्रांत त्याच्यासारखा राजा नव्हता, तो आपल्या देवाचा लाडका होता, आणि तरीही परदेशी स्त्रियांनी त्यालाही पाप करायला लावले. त्या वाक्यात राग कमी आणि हळहळ जास्त आहे.

जुनीवही

वरील दोन्ही प्रतिसाद मनापासून वाचले. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे आणि एका मुद्द्यावर सावध करू इच्छितो. राजांच्या पुस्तकातील मांडणी कालक्रमानुसार आहे असे गृहीत धरून आपण पायरी-पायरीची घसरण काढत आहोत, पण ती मांडणी बरीचशी विषयानुसार आहे. पाचव्या अध्यायात शलमोन सोराच्या हीराम राजाला कळवतो की मला आता कोणी विरोधक उरलेला नाही. अकराव्या अध्यायात मात्र दिमिष्काचा रजोन शलमोनाच्या सर्व काळात इस्राएलाचा वैरी होता असे म्हटले आहे. आणि अदोमी हदाद तर दावीद व त्याचा सेनापती यवाब वारल्याची बातमी ऐकून मिसरातून परतायला निघाला, म्हणजे शलमोनाच्या कारकिर्दीच्या आरंभीच. लेखकाने हे सगळे विरोधक शेवटी एकत्र आणले, कारण त्याला ते शिक्षा म्हणून दाखवायचे होते. तेव्हा आधी भक्ती, मग वैभव, मग पतन हा क्रम लेखकाने लावलेला आहे, प्रत्यक्ष जीवनात ही तिन्ही एकमेकांत मिसळलेली असावीत. जुन्या करारातील 'इतिहास' नावाच्या पुस्तकाने तर पतनाचा भागच वगळला आहे.

या चर्चेत एक बाजू मात्र अजून आलेली नाही, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. राण्या आणि मूर्ती यांच्याविषयी आपण बोलतो, वेठीविषयी बोलत नाही. पाचव्या अध्यायात सर्व इस्राएलातून ३०,००० माणसे वेठीला धरली आहेत. त्यांतली १०,००० दर महिन्याला पाळीपाळीने लबानोनात पाठवली जात, एक महिना तिकडे आणि दोन महिने घरी. शिवाय ७०,००० ओझी वाहणारे आणि ८०,००० पाथरवट. महिनाभर लबानोनाच्या डोंगरात लाकूड तोडणाऱ्या त्या माणसाच्या शेताची पेरणी कोणी केली असेल, याचा विचार करावा. देशाचे बारा विभाग करून प्रत्येकाकडे राजाच्या मुदपाकखान्याचा एक महिना लावून दिला होता. रोजचा खर्च ३० कोर (धान्याचे मोठे माप) सपीठ, ६० कोर पीठ, ३० बैल आणि १०० मेंढरे, हरणे व पक्षी वेगळे. सात वर्षे मंदिराला लागली आणि तेरा वर्षे राजवाड्याला, ही दोन वाक्ये मूळ ग्रंथात अगदी शेजारी शेजारी आहेत.

मिसरातील दास्यातून सोडवलेल्या लोकांची ही कथा आहे. फारोने त्यांच्याकडून कोठारांची नगरे बांधून घेतली होती. शलमोनाने बांधलेल्या गोष्टींच्या यादीतही, नवव्या अध्यायात, कोठारांची नगरे आहेत. हा राजा फारोचा जावई झाला एवढेच नाही, तो कारभाराने फारोसारखा होत गेला. शखेमात लोक रहबामापुढे उभे राहिले तेव्हा त्यांनी कमोशाचे वा मोलखाचे नाव काढले नाही. तुझ्या बापाने आमचे जू भारी केले, ते हलके कर, एवढेच ते म्हणाले. रहबामाने ऐकले नाही, आणि वेठीवरचा अधिकारी अदोराम याला समजूत घालायला पाठवले तेव्हा लोकांनी त्याला दगडमार करून ठार केले.

पाटीपेन्सिल

जुनीवही यांचा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याने माझे मत थोडे दुरुस्तही होते. भक्ती आणि बहकणे ही एकाच काळी एकाच मनात होती असे म्हणावे लागेल. तो वर्षातून तीनदा परमेश्वराच्या वेदीवर होमबली अर्पण करत होता हे नवव्या अध्यायात आहेच, आणि वेठीचा हिशोबही त्याच अध्यायात आहे. त्याने परमेश्वराला सोडले असे शास्त्र सुरुवातीला म्हणतच नाही. दावीदाप्रमाणे तो परमेश्वराला पूर्णपणे अनुसरला नाही, असे म्हणते.

वेठीच्या मुद्द्यावरून मला जे खरे सांगायचे होते ते आता सांगतो. गिबोन येथे शलमोनाने काय मागितले? आपण सहज 'शहाणपण' म्हणतो, पण हिब्रूत शब्द आहेत 'लेव शोमेआ', म्हणजे ऐकणारे अंतःकरण. लोकांचा न्याय करता यावा म्हणून त्याने ऐकण्याची शक्ती मागितली. आणि त्या दोन बायकांच्या तंट्यात, एका तान्ह्या मुलासाठी भांडणाऱ्या दोन वेश्यांच्या तंट्यात, त्याने खरोखरच ऐकले. कोणाच्या आवाजात आईपण आहे ते त्याने ओळखले. त्यानंतर त्याच्या दारात अशी गरीब बाई आल्याची एकही कथा नाही. पुढे येतात त्या राण्या, राजे, व्यापारी आणि नजराणे. सगळी पृथ्वी त्याचे ऐकायला येते. तो कोणाचे ऐकतो हे सांगणारे वाक्य मला सापडलेले नाही.

दावीदाशी तुलना करा. बथशेबासाठी तिचा नवरा उरीया याला मारवून दावीदाने जे केले ते शलमोनाच्या कोणत्याही एका कृत्यापेक्षा अधिक क्रूर होते. परंतु नाथान संदेष्टा त्याच्या तोंडावर म्हणू शकला की तो मनुष्य तूच आहेस, आणि दावीद तत्काळ म्हणाला की मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे. शलमोनाच्या राज्यात हाच नाथान राज्याभिषेकाच्या प्रसंगानंतर पुन्हा बोलताना दिसत नाही. चाळीस वर्षांत कोणी संदेष्टा राजासमोर उभा राहिल्याची नोंद नाही. अहीया शिलोनी संदेश आणतो, पण तो यराबामाकडे, म्हणजे पुढे दहा वंशांचा राजा झालेल्या शलमोनाच्या अधिकाऱ्याकडे, रानात, दोघेच असताना; नवे वस्त्र फाडून त्याचे बारा तुकडे करतो आणि दहा त्याच्या हाती देतो.

आणि अकराव्या अध्यायात परमेश्वर जेव्हा स्वतः शलमोनाला सांगतो की मी राज्य तुझ्यापासून फाडून घेईन, तेव्हा शलमोन काय म्हणतो? काहीच नाही. गिबोनला ज्याने एवढे सुंदर उत्तर दिले, मंदिरापुढे ज्याने हात पसरून एवढी दीर्घ प्रार्थना केली, ज्याच्या नावावर ३,००० नीतिसूत्रे आणि १,००५ गीते आहेत, त्याच्या तोंडी इथे एक शब्दही नाही. पश्चात्ताप नाही, वाद नाही, विनवणी नाही. त्याची एकच कृती नोंदवली आहे: त्याने यराबामाला ठार मारण्याचा प्रयत्न केला. नेमके हेच आधीचा राजा शौल याने दावीदाच्या बाबतीत केले होते.

उपदेशकाच्या पुस्तकाचा कर्ता परंपरेने शलमोनच मानला जातो. त्याच्या चौथ्या अध्यायात म्हटले आहे की ज्याला आता सल्ला घेणे कळत नाही अशा म्हाताऱ्या मूर्ख राजापेक्षा गरीब पण शहाणा तरुण बरा. हे खरोखर त्यानेच लिहिले असेल तर त्याला कळले होते, एवढे आजींना सांगता येईल.

जास्वंद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री तिसरा, आठवा आणि अकरावा हे तीन अध्याय सलग वाचले आणि त्या 'मात्र'वर बराच वेळ थांबले. कोकणदर्या यांनी सांगितलेली उशाखालच्या किल्ल्यांची गोष्ट मी आजींना आजच फोनवर सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "त्याची आई होती तोवर ठीक, पुढे कोण उठवणार त्याला?"

एक गोष्ट मी वाचतावाचता टिपली, ती इथे ठेवते. रहबामाच्या पाचव्या वर्षी मिसरचा राजा शिशक यरुशलेमवर चालून आला आणि शलमोनाने केलेल्या सोन्याच्या सगळ्या ढाली घेऊन गेला. रहबामाने त्यांच्या जागी पितळेच्या करवून घेतल्या, आणि राजा मंदिरात जाई त्या त्या वेळी पहारेकरी त्या धरत आणि मग पुन्हा चौकीत नेऊन ठेवत. टेकडीवरची ती उच्च स्थाने मात्र कोणी नेली नाहीत. ती योशीया राजाने भ्रष्ट केली तेव्हा शलमोनाला जाऊन तीनशे वर्षे झाली होती, म्हणजे मंदिराच्या समोरच्या त्या टेकडीवर ती कितीतरी पिढ्यांनी पाहिली. बुधवारी मी याच ओव्यांपासून सुरुवात करणार आहे.